जनुकबदल केलेले डास आणि परदेशी विद्यापीठांशी करार: काम थांबवण्याचा अधिकार कोणाकडे असावा?

परागकण (धागालेखक)

‘उदयोन्मुख तंत्रज्ञानाचा जबाबदार वापर’ या विषयावरील आंतरराष्ट्रीय सामंजस्य करारांच्या बातम्या हल्ली विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर सतत दिसतात. दोन कुलगुरू, दोन फायली, एक पुष्पगुच्छ आणि छायाचित्र एवढे त्या बातमीत असते. तंत्रज्ञान फसले, लोक बिथरले किंवा सरकार बदलले तर काम कोणी थांबवायचे आणि लोकांसमोर उत्तर द्यायला कोणी उभे राहायचे, याचा उल्लेख त्यात नसतो. माझ्या मते करारातील जबाबदारीचा खरा मजकूर तोच आहे. सगळ्या तंत्रज्ञानांवर एकदम बोलू लागलो तर चर्चा भरकटेल, म्हणून जनुकीय पद्धतीने डास आटोक्यात आणण्याचे एकच उदाहरण घेतो. या क्षेत्रातील भागीदारी कशी फिसकटते याचा ठळक धडा भारतातच मिळाला आहे, आणि अलीकडचे एक प्रकरण तर थेट जालना जिल्ह्यातील आहे.

जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद (आयसीएमआर) यांनी १९६९ मध्ये करार करून दिल्लीत डासांच्या जनुकीय नियंत्रणाचे संशोधन केंद्र उभारले. पैसा अमेरिकी सार्वजनिक आरोग्य सेवेचा, आणि तोही पीएल-४८० या अमेरिकी कायद्याखाली आलेल्या धान्याच्या मोबदल्यात भारतात साठलेल्या रुपयांतून दिलेला. आजच्यासारखे जनुक कापण्या-जोडण्याचे तंत्र तेव्हा नव्हते. नर डास रसायनाने किंवा अन्य मार्गाने वंध्य करायचे, मोठ्या संख्येने सोडायचे आणि त्यांच्याशी संयोग झालेल्या माद्यांची अंडी वाया जाऊ द्यायची, असा हा उपाय होता. हत्तीरोग पसरवणाऱ्या क्यूलेक्स डासांवर दिल्लीच्या आसपासच्या खेड्यांत प्रयोग झाले आणि पुढचा टप्पा म्हणून हरियाणातील सोनीपत शहरात एडिस इजिप्ती जातीचे नर सोडण्याचे ठरले. दरम्यान १९७४ मध्ये पीटीआयच्या बातमीने वादाला तोंड फुटले. एडिस हा पीतज्वराचा (यलो फीव्हरचा) वाहक आहे, वाहक भारतात आहे पण पीतज्वर नाही. मग परक्या पैशाने नेमका याच डासाचा अभ्यास कशासाठी, ही जैविक युद्धाची पूर्वतयारी तर नव्हे, असा संशय संसदेपर्यंत गेला. लोकलेखा समितीचा १६७ वा अहवाल एप्रिल १९७५ मध्ये आला, सोनीपतचा प्रयोग अगदी तोंडावर असताना थांबवला गेला आणि त्याच वर्षी केंद्राला कुलूप लागले.

आता पन्नास वर्षे पुढे येऊ. लंडनच्या इंपिरियल कॉलेजच्या नेतृत्वाखालील ‘टार्गेट मलेरिया’ हा संशोधनसंघ पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासो या देशातल्या बोबो-डिउलासो येथील आरोग्य संशोधन संस्थेसोबत काम करत होता. अंडी २०१६ मध्ये आयात झाली, राष्ट्रीय जैवसुरक्षा संस्थेची परवानगी २०१८ मध्ये मिळाली आणि १ जुलै २०१९ रोजी बाना या खेड्यात हिवताप पसरवणाऱ्या जातीचे, जनुकबदल केलेले सहा हजारांहून अधिक वंध्य नर अ‍ॅनाफिलिस सोडण्यात आले. हे ‘जीन ड्राइव्ह’ नव्हते, हे ध्यानात ठेवावे. साधे जनुक निम्म्या संततीत उतरते. जीन ड्राइव्ह लावलेले जनुक जवळजवळ सगळ्या संततीत उतरते आणि पिढ्यान्पिढ्या पसरत राहते. बानाचे डास वंध्य होते, त्यांचा वंश त्यांच्यापाशीच संपणार होता. तीन पायऱ्यांची योजना होती: आधी वंध्य नर, मग मुख्यतः नर संतती देणारे डास आणि शेवटी जीन ड्राइव्ह. दुसऱ्या पायरीचे डास सोडल्यावर काही दिवसांतच, ऑगस्ट २०२५ मध्ये, तिथल्या सरकारने सगळे काम बंद करून नमुने नष्ट करण्याचा आदेश दिला.

सोनीपतच्या वेळी गावकऱ्यांना विश्वासात घेण्याची रीतच नव्हती. बानामध्ये अनेक वर्षे बैठका, परवानग्या आणि समजावणी झाली. तरीही शेवट सारखाच झाला. असे का झाले असावे, आणि भारतातल्या संस्थांनी यापुढे असे करार करताना काय लिहून घ्यावे, यावर चर्चा व्हावी अशी अपेक्षा आहे.

जुनी कात्रणे

धागा उत्तम आहे. लोकलेखा समितीच्या अहवालाबाबत एक भर घालतो. तो केवळ डासांवर नव्हता, तर परदेशी सहभागाने चाललेल्या संशोधनावर होता. जोधपूरमधील हिवतापविरोधी कीटकनाशक फवारणीचा प्रयोग, पंतनगरचा सूक्ष्मजीवांपासून कीटकनाशके बनवण्याचा प्रकल्प आणि आपल्या मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा पक्षी-स्थलांतराचा अभ्यास, हे सगळे त्यात होते. समितीचे अध्यक्ष ज्योतिर्मय बसू यांचा स्वभाव सरकारला धारेवर धरण्याचा होता, हे खरे. पण प्रश्न पोकळ नव्हते.

पक्ष्यांचे प्रकरण विशेष बोलके आहे. १९५७ मध्ये शिमोगा भागात क्यासनूर जंगलज्वर आढळला. माकडे मरत होती, माणसे आजारी पडत होती आणि विषाणूचे सायबेरियातील ओम्स्क ज्वराच्या विषाणूशी साम्य दिसत होते. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आताच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने, हे काम केले, आणि ते केंद्रही १९५२ मध्ये रॉकफेलर प्रतिष्ठान व आयसीएमआर यांच्या भागीदारीतूनच जन्माला आले होते. उत्तरेकडून येणारे पक्षी गोचिडींमार्फत विषाणू आणतात का, हा पुढचा प्रश्न शास्त्रीय दृष्ट्या पूर्णपणे रास्त होता. सलीम अली यांच्या नेतृत्वाखाली पक्ष्यांच्या पायांत वळी घालण्याचे काम सुरू झाले. आधी जागतिक आरोग्य संघटनेचे साहाय्य होते. नंतर जो पैसा आला तो अमेरिकी सैन्याच्या एका सर्वेक्षण कार्यक्रमातून आला. संशोधकांच्या दृष्टीने वळी तीच, पक्षी तेच, नोंदवहीही तीच. संसदेच्या दृष्टीने मात्र कोणता पक्षी कोणता रोग घेऊन कोणत्या मार्गाने जातो, ही माहिती एका परक्या सैन्याकडे जात होती. दोघेही आपापल्या जागी बरोबर असू शकतात, आणि अडचण तिथेच आहे.

दिल्लीच्या केंद्राबाबत आणखी एक मुद्दा. नर वंध्य करण्यासाठी थायोटेपा वापरत असत. ते कर्करोगावरचे औषध आहे आणि स्वतःही घातक आहे. ते खेड्यातील विहिरींत मिसळले, असा आरोप वृत्तपत्रांतून झाला आणि संबंधितांनी तो फेटाळला. पण फेटाळण्याची वेळ येईपर्यंत गावाला त्या रसायनाचे नावही कोणी सांगितले नव्हते. गुप्त काही नसतानाही गुप्ततेचा वास आला, तो या न सांगण्यामुळे.

सूक्ष्मदर्शक

मी प्रयोगशाळेत काम करणारा माणूस आहे, तेव्हा थोडा विरोधी सूर लावतो.

सोनीपतचा प्रयोग थांबवणे म्हणजे लोकशाहीचा विजय, असे चित्र रंगवले जाते. एडिस भारतात आरोग्याचा प्रश्नच नाही, असे तेव्हा म्हटले गेले. पण एडिस डेंग्यूही पसरवतो, आणि १९६३ मध्ये कलकत्त्यात डेंग्यूसह रक्तस्रावी तापाची मोठी साथ येऊन गेलेली होती, म्हणजे तो दावा तेव्हाही चुकीचाच होता. पुढे १९९६ मध्ये दिल्लीत डेंग्यूने जो हाहाकार केला तो ज्यांनी पाहिला आहे, त्यांनी सोनीपतपासून दिल्ली किती जवळ आहे ते आठवावे. प्रयोग झाला असता तर डेंग्यू टळला असता असा माझा दावा नाही. पण डासांची संख्या अशा पद्धतीने घटते की नाही, हे आपल्याला आपल्या हवामानात दोन दशके आधी कळले असते.

थांबवण्याचा अधिकार हवा, हे मान्य. मात्र तो वापरणाऱ्याने कारण लेखी द्यावे आणि त्या कारणाची तज्ज्ञांकडून तपासणी व्हावी. बुर्किना फासोमध्ये २०२२ च्या सत्तापालटानंतर लष्करी राजवट आहे. तिथे परदेशी देणगीदारांविषयीचा राग, समाजमाध्यमांवरच्या अफवा आणि खरे शास्त्रीय आक्षेप यांचा काला झाला होता. अशा वेळी ‘सरकारने थांबवले, म्हणजे लोकांनी थांबवले’ असे समीकरण मांडणे मला धाडसाचे वाटते.

मेलबर्नकर

दोन्ही बाजू वाचल्या. यशस्वी ठरलेल्या भागीदारीचे उदाहरण अजून आलेले नाही, ते देतो. मेलबर्नमधील मोनाश विद्यापीठाचा ‘वर्ल्ड मॉस्किटो प्रोग्रॅम’ डासांचे जनुक बदलत नाही. वोल्बाकिया नावाचा, अनेक कीटकांत निसर्गतः आढळणारा जिवाणू एडिसमध्ये घातला की त्या डासात डेंग्यूचा विषाणू नीट वाढू शकत नाही. पहिले डास २०११ मध्ये इथल्याच क्वीन्सलंड राज्यात, केर्न्स शहरापाशी सोडले गेले. म्हणजे आधी स्वतःच्या अंगणात आणि मग दुसऱ्याच्या, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

पुढे इंडोनेशियातील योग्यकर्ता शहरात तिथल्या गाजा मादा विद्यापीठाबरोबर मोठी चाचणी झाली. पैसा ताहिजा या इंडोनेशियातल्याच प्रतिष्ठानाने दिला. शहराचे भाग पाडून काही भागांत चिठ्ठ्या टाकून डास सोडले, बाकीच्या भागांत सोडले नाहीत. ज्या भागांत सोडले तिथे डेंग्यूचे प्रमाण ७७ टक्क्यांनी आणि रुग्णालयात भरती होण्याचे प्रमाण ८६ टक्क्यांनी कमी आढळले. निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले.

मला त्यातली काम करण्याची पद्धत सांगावीशी वाटते. डास गाडीतून सोडले गेले नाहीत. लोकांच्या घरी, अंगणाच्या सावलीच्या कोपऱ्यात, झाकणाची छोटी बादली ठेवायची. तिच्यात थोडे पाणी, अंड्यांची पट्टी आणि अळ्यांचे खाद्य. बाजूला भोके, त्यातून डास बाहेर पडायचे. दर दोन आठवड्यांनी कार्यकर्ता येऊन बादली बदलून जायचा. ज्या घराला नको असेल त्याने बादली ठेवून घ्यायची नाही. डास शेवटी शेजाऱ्याकडून उडत येणारच, त्यामुळे हा नकार अपुरा आहे हे मला कळते; पण दर पंधरवड्याला एक ओळखीचा माणूस दारात येत होता, आणि शंका विचारायला तो पुरेसा होता.

भारतात पुदुच्चेरीच्या आयसीएमआर केंद्राने मोनाशबरोबर करार करून वोल्बाकियाची अंडी आणली, स्थानिक एडिसशी संकर करून आपल्या वसाहती तयार केल्या आणि २०२२ मध्ये तसे जाहीर केले. संकर स्थानिक डासांशी झाला आणि वसाहती आपल्या संस्थेच्या ताब्यात आहेत, हा भाग या धाग्याच्या प्रश्नाशी जोडून पाहावा. मूळ वाण परक्याचा असला तरी चाव्या कोणाकडे आहेत, हे इथे स्पष्ट आहे.

कुंडलिका

जालन्याचा उल्लेख झाला म्हणून लिहिते. बदनापूर तालुक्यातील दावलवाडी येथे जानेवारी २०१७ मध्ये जनुकबदल केलेल्या एडिस डासांच्या पिंजऱ्यातील चाचण्या सुरू झाल्याचे जाहीर झाले. तंत्र ऑक्सिटेकचे, म्हणजे २००२ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठातून निघालेल्या कंपनीचे. इथली भागीदार जीबीआयटी ही बियाणे उद्योगातील महिको समूहाशी संबंधित कंपनी. नरांमध्ये असे जनुक घातलेले की त्यांची पिले टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक मिळाल्याशिवाय प्रौढ होण्याआधीच मरतात. सोबत एक खुणेचे जनुकही असते. विशिष्ट प्रकाशात अळी पाहिली की ती लाल चमकते, त्यामुळे बाहेर सापडलेली अळी कोणाची ते ओळखता येते. ही खूण मला आवडली, कारण चुकले तर निदान सापडेल.

आता आमच्याकडची वस्तुस्थिती. जालना शहरात नळाला पाणी कित्येक दिवसांनी येते. त्यामुळे प्रत्येक घरात ड्रम, रांजण, टाकी, हौद. एडिसला आणखी काय हवे? आशाताई येतात, झाकणे उघडून पाहतात, अबेट हे अळीनाशक टाकतात, ‘कोरडा दिवस पाळा’ असे सांगतात. पाणी पंधरा दिवसांनी येणार असेल तर कोरडा दिवस कोण पाळणार? जगातल्या उत्तम विद्यापीठाचे जनुक आणून इथे सोडा, पण पाणीपुरवठ्याचे वेळापत्रक जर करारात नसेल तर भागीदारीने प्रश्नाचा अर्धाच भाग हाती घेतला आहे. डासाचे जीवशास्त्र परदेशातून येते, डासाचे घर मात्र आमची नगरव्यवस्था बांधते.

आणखी एक. परागकण यांनी दोन विद्यापीठांचे करार धरून चर्चा सुरू केली, पण जालन्यात दोन्ही बाजूंना कंपन्या होत्या. विद्यापीठातून निघालेले तंत्र कंपनीकडे गेले की जुन्या करारातील ‘जबाबदार वापरा’ची कलमे त्याच्यासोबत जातात का?

सूक्ष्मदर्शक

कुंडलिकाताई, पाण्याचा मुद्दा शंभर टक्के पटला.

टेट्रासायक्लिनच्या संदर्भात ब्राझीलमधील जाकोबिना शहराचे प्रकरण सांगण्यासारखे आहे. तिथे २०१३ ते २०१५ या काळात २७ महिने दर आठवड्याला ऑक्सिटेकचे सुमारे साडेचार लाख नर सोडले गेले. त्याच वाणाच्या डासांचा जनुकीय अंश स्थानिक डासांत मिसळल्याचा शोधनिबंध २०१९ मध्ये येल विद्यापीठाशी संबंधित आणि ब्राझीलमधील संशोधकांनी प्रसिद्ध केला. त्यातल्या काही विधानांना पुरेसा आधार नाही, अशी तक्रार झाली. खुद्द काही सहलेखकांनीही आक्षेप घेतले आणि नियतकालिकाने पुढल्या वर्षी संपादकीय सावधगिरीची टीप जोडली. थोडी पिले जगतात हे आधीपासून माहीत होते, त्यामुळे मिसळणे अनपेक्षित नव्हते. वाद झाला तो त्याचा अर्थ लावण्यावर. यातून मी घेतो ते एवढेच की डास सोडणाऱ्याव्यतिरिक्त दुसऱ्या कोणीतरी तपासणी करायला हवी, तिचा खर्च आधीच बाजूला काढलेला हवा आणि निष्कर्ष छापण्याआधी यजमान देशाच्या संशोधकांनी मजकूर वाचलेला हवा.

नीरा

संमतीविषयी बोलते, कारण माझे काम ग्रामसभांशी संबंधित आहे. संयुक्त राष्ट्रांच्या जैवविविधता कराराच्या इजिप्तमधील शर्म अल-शेख येथील २०१८ च्या परिषदेत जीन ड्राइव्हविषयी जो निर्णय झाला, त्यात बाधित होऊ शकणाऱ्या आदिवासी व स्थानिक समुदायांची पूर्वसंमती किंवा त्यांचा सहभाग जिथे लागू असेल तिथे मिळवावा, असे म्हटले आहे. ‘जिथे लागू असेल तिथे’ या शब्दांनी निम्मा जीव काढून घेतला आहे. भारतात जनुकबदल केलेल्या जीवांविषयीच्या १९८९ च्या नियमांखाली केंद्रीय समित्या परवानगी देतात. जनुकबदल केलेल्या पिकांच्या शेतचाचण्यांना २०११ पासून राज्याचे ना-हरकत पत्रही लागते. ग्रामसभेचे नाव या साखळीत कुठेच नाही.

तरीही ‘ग्रामसभेचा ठराव घ्या’ एवढ्याने काम होईल, असे मला वाटत नाही. गणपूर्ती कशी होते, ठराव कसा लिहिला जातो आणि सह्या कधी घेतल्या जातात, हे आपण सगळे जाणतो. शिवाय शेत एका गावात असते, डास नसतो. जीन ड्राइव्हचा डास तर देशाची सीमाही ओळखणार नाही. बानाच्या गावकऱ्यांनी होकार दिला म्हणून शेजारच्या घानाने किंवा मालीने दिला असे होत नाही. इंपिरियलच्या प्रयोगशाळेत २०१८ मध्ये जीन ड्राइव्हने पिंजऱ्यातली अ‍ॅनाफिलिसची वस्ती सात ते अकरा पिढ्यांत संपवून दाखवली, तेव्हापासून हा प्रश्न काल्पनिक राहिलेला नाही. दोन संस्थांचा करार इथे अपुरा पडतो. शेजारी देश पहिल्या दिवसापासून पक्षकार हवेत.

जुनी कात्रणे

पैशाचा प्रश्न जुनाच आहे, फक्त पाकिटे बदलली आहेत. अमेरिकी संरक्षण खात्याच्या डार्पा या संस्थेने २०१७ मध्ये ‘सेफ जीन्स’ कार्यक्रम जाहीर केला आणि सात संशोधनगटांना सुमारे साडेसहा कोटी डॉलर देऊ केले. उद्देश जनुकसंपादन आटोक्यात ठेवण्याची आणि गरज पडल्यास उलटवण्याची साधने तयार करण्याचा, म्हणजे ऐकायला अगदी जबाबदार. तरी १९७५ चा अहवाल वाचलेल्या माणसाच्या भुवया उंचावतातच.

उलट्या दिशेचेही उदाहरण आहे. टाटा ट्रस्टने २०१६ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेला सात कोटी डॉलर देऊन जनुकशास्त्र आणि समाज यांवरची संस्था उभी केली. तिचे दुसरे केंद्र बेंगळुरूला. तिथे पैसा आपला, प्रयोगशाळा त्यांची. मुंबईत गच्चीवरच्या टाक्यांत वाढणारा अ‍ॅनाफिलिस स्टीफेन्सी हा शहरी हिवतापाचा डास कॅलिफोर्नियातील जीन ड्राइव्ह संशोधनाच्या केंद्रस्थानी आहे. तेव्हा ‘परकीय पैसा वाईट’ हे सूत्र आता पुरत नाही. देणगीदार कोणीही असो, त्याचे नाव, रक्कम आणि अटी यजमान देशाच्या भाषांत जाहीर व्हाव्यात, एवढी मागणी मी करेन.

परागकण (धागालेखक)

सर्वांचे आभार. माझ्या मूळ प्रश्नाकडे परत येतो.

बाना आणि योग्यकर्ता यांची तुलना केली तर फरक समजावणीच्या प्रमाणात दिसत नाही. दोन्हीकडे कष्ट घेतले गेले. योग्यकर्त्यात पैसा, विद्यापीठ, परवाना आणि दारात येणारा कार्यकर्ता हे सगळे त्याच देशाचे होते. परदेशी विद्यापीठाकडून जिवाणू आणि शास्त्र आले. बानामध्ये शास्त्रज्ञ, तंत्रज्ञ आणि परवाना स्थानिक होते, पण वाण लंडनचा आणि पैसा मुख्यतः अमेरिकी प्रतिष्ठानांचा. सरकार बदलल्यावर स्थानिक शास्त्रज्ञांना आपल्याच देशात परक्यांचे प्रतिनिधी ठरवणे सोपे गेले. त्यांचे काम प्रामाणिक होते, असे मला आजही वाटते. पण त्यांच्या पाठीशी उभी राहील अशी देशांतर्गत गुंतवणूक, म्हणजे स्वतःचा पैसा आणि स्वतःची मालकी, उभी केली गेली नाही.

सूक्ष्मदर्शक यांची लेखी कारणांची अट मला मान्य आहे. मी ती दोन्ही बाजूंना लावेन: थांबवणाऱ्यानेही कारण लिहावे आणि सुरू करणाऱ्यानेही. हेच डास, हेच गाव आणि हाच देश का, याचे उत्तर सोनीपतच्या वेळी संसदेला वेळेत मिळाले असते तर अहवालाचा सूर वेगळा लागला असता.

कुंडलिकाताईंच्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे आणि निराशाजनकही: बौद्धिक संपदेचा परवाना देताना विद्यापीठाने स्वतःहून अट घातली नाही, तर कलमे सोबत जात नाहीत. ती घालता येते, आणि घालण्याची वेळ परवाना देतानाचीच असते.

सूक्ष्मदर्शक

मग करारात पहिले कलम मी असे लिहीन: डास सोडण्याआधी ते परत कमी कसे करायचे याची योजना, तिचा खर्च आणि ती अमलात आणणाऱ्या देशातल्याच संस्थेचे नाव. वंध्य नरांच्या बाबतीत ही योजना एका ओळीची असेल, कारण सोडणे बंद केले की विषय संपतो. वोल्बाकियाच्या बाबतीत ती बरीच अवघड आहे, कारण तो टिकावा म्हणूनच सोडतात. जीन ड्राइव्हच्या बाबतीत मैदानात सिद्ध झालेली अशी योजना आज कोणाकडेच नाही, आणि तोवर मी स्वतः पिंजऱ्याबाहेर जाण्याच्या कागदावर सही करणार नाही.

मेलबर्नकर

वोल्बाकियाबद्दल सहमत. म्हणूनच पुदुच्चेरीच्या वसाहती शहरात सोडायच्या झाल्या तर आधी कोणत्या शहरात आणि कोणाला विचारून, हा धागा तिथून पुढे न्यावा असे सुचवतो. कुंडलिकाताई, तुमच्या महानगरपालिकेतील पाण्याच्या पाळ्यांची माहिती इथे टाकू शकाल का? योग्यकर्त्यात शहराचे भाग पाडताना लोकवस्ती आणि रस्ते पाहिले गेले होते. आपल्याकडे पाण्याची पाळी हाच भाग पाडण्याचा खरा निकष ठरेल, असा माझा अंदाज आहे.

कुंडलिका

टाकते. प्रभागनिहाय पाळ्यांचे वेळापत्रक कागदावर एक आणि प्रत्यक्षात दुसरेच असते, तेव्हा दोन्ही देईन.